हिरा आणि रामदास यांची न झालेली नोंद

एकतीस वर्षांत मी कितीतरी माणसं जन्माला घातली, कितीतरी लग्नं लावली आणि कितीतरी माणसं मारली. सगळं पेनानं, शेवटची काही वर्षं कॉम्प्युटरवर. मी ग्रामसेविका होते. सगळी नोकरी पालघर तालुक्यात झाली, आणि निवृत्तीनंतर बोईसरलाच राहिले.

ग्रामसेवक म्हटलं की लोकांना पाणीपट्टी, गटारं, दिवाबत्ती आणि घरकुलाची यादी आठवते. पण गावातला जन्म, मृत्यू आणि विवाह नोंदणारा निबंधकही तोच असतो, हे काम पडल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही. काम दिसायला सोपं. जे घडलं ते लिहायचं, मात्र घडल्याचा पुरावा पाहून लिहायचं. लग्नाच्या नोंदीला वयाचे दाखले, फोटो आणि तीन साक्षीदार लागतात. आणि आधी एक लग्न झालेलं असेल, तर ते संपल्याचा कागद लागतो. म्हणजे घटस्फोटाचा हुकूम, नाहीतर पहिल्या जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला.

हा शेवटचा कागद माणसाच्या आयुष्याचं काय करू शकतो, ते मी एका घरात पाहिलं. त्या घराबद्दल लिहिते आहे. माणसांची नावं बदलली आहेत, गावाचं नाव लिहीत नाही. तारापूरच्या बाजूचं, समुद्रकाठचं, मासेमारीवर जगणारं गाव, एवढं पुरे.

मी त्या गावात हजर झाले त्याच वर्षी काशिनाथ नावाचा तरुण खलाशी समुद्रात पडला. वारं सुटलं होतं, जाळं ओढताना तोल गेला. बोट दोन दिवस फिरली. माणूस मिळाला नाही, प्रेतही मिळालं नाही. काही महिन्यांनी त्याची बायको हिरा माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. वय चोवीस असेल. हातात पोलिसांनी दिलेला हरवल्याच्या नोंदीचा कागद.

"मॅडम, दाखला पायजे. मेल्याचा."

"प्रेत मिळालं का?"

"नाय."

"मग दाखला देता येत नाही. हरवलेला माणूस सात वर्षं मेलेला धरत नाहीत. सात वर्षांनी कोर्टात जायचं. कोर्टानं हुकूम दिला की मी नोंद करीन."

हिरानं तो कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "सरकार म्हनतं तो मेला नाय. मग आनून तरी द्या."

मी तेव्हा छत्तिशीची होते आणि नियम तोंडपाठ असल्याचा मला अभिमान होता. मी म्हटलं, "बाई, ते माझ्या हातात नाही." पुढची एक फाईल ओढली. ती गेलेली मला दिसलीही नाही.

घरात हिरा आणि तिची सासू जानकीबाय, अशा दोघीच उरल्या. मूल नव्हतं. हिरा बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालायची, वाळले की टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची. कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र, सगळं तसंच. ते काढायचं नाव निघालं की जानकीबाय किंचाळायची, "माझा पोर मेला नाय! समुद्र देईल परत!" भटजींनी सांगितलं, बारा वर्षांनी पुतळा करून दहन करता येतं. जानकीबायने भटजींना ओटीवरून खाली उतरवलं.

रामदास तीन वर्षांनी आला. खानदेशातला, तिशीचा माणूस. बोटींना बर्फ पुरवणाऱ्या कारखान्यात मशीनवर लागला होता. बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं, तेव्हा गाव सोडून निघालेला. मासे खात नव्हता. मासेमारीच्या गावात वांगी आणि भाकरी शोधत फिरणारा हा माणूस पोरांच्या चेष्टेचा विषय झाला होता. हिराने त्याला जेवणाचा डबा द्यायला सुरुवात केली. वर्षभरानं तो त्यांच्या पडवीत राहायला आला. आणि मग कधीतरी पडवीतून घरात.

त्या वेळी दोघं माझ्याकडे आले होते. रामदासनं प्लास्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर ठेवला. त्याच्या बायकोच्या मृत्यूचा दाखला चौकोनी घडी करून जपलेला.

"ताई, लग्नाची नोंद करायची आहे. देवळात हार घालू आणि येऊ. आमचं काही लपवाछपवीचं नाही."

मी कागद वाचले. त्याच्याकडे बायको मेल्याचा दाखला होता, हिच्याकडे नवरा मेल्याचा नव्हता. कायद्यानं हिरा अजून काशिनाथची बायको होती.

"नाही करता येणार. अजून तीन वर्षं थांबा."

"थांबतो," रामदास म्हणाला. दाखला परत घडी करून पिशवीत घातला. "पण राहिलो तर चालेल ना ताई? एका घरात?"

असं कोणी मला याआधी विचारलं नव्हतं आणि नंतरही नाही. मी म्हटलं, "त्याची नोंद नसते."

एक गोष्ट इथेच सांगते. माझ्या स्वतःच्या लग्नाची नोंद आजतागायत कुठेही नाही. आमच्या वेळी मांडवात अक्षता पडल्या की झालं. नोकरीत लागताना, घर घेताना, मुलांना शाळेत घालताना कोणीही मला पुरावा मागितला नाही. साडी, मंगळसूत्र आणि आडनाव एवढ्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला. आणि मी मात्र टेबलाच्या अलीकडे बसून दुसऱ्यांचे पुरावे तपासत होते.

गावानं त्यांना वाळीत वगैरे टाकलं नाही. गावं आता तसं करत नाहीत. हिराला हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं बंद झालं. बचत गटात तिचं नाव राहिलं, पण अध्यक्षपदाची पाळी तिच्यावरून पुढे सरकायची. नारळी पौर्णिमेला बोटींची पूजा व्हायची तेव्हा रामदास कारखान्यातून बर्फ पाठवायचा आणि स्वतः घरी बसायचा. बाया पाठीमागे 'ठेवलेला' म्हणायच्या. बाईनं पुरुष ठेवलाय, म्हणून त्यांना त्याचं जास्त हसू यायचं. हिराच्या कपाळावरचं कुंकू कोणाच्या नावाचं, हे गावाला कधी ठरवता आलं नाही. मीही घरोघरच्या पाहणीत त्या घराची माणसं दोन लिहिली. रामदास समोर बसून मला चहा देत होता, तरी दोनच लिहिली.

जानकीबाय त्याला 'पावना' म्हणायची. तिच्या दृष्टीनं तो पाहुणा होता. काशिनाथ आला की जाणार होता.

सात वर्षं भरली तेव्हा माझी बदली जवळ आली होती. जाण्याआधी या दोघांचं मार्गी लावावं असं मला मनापासून वाटलं. हे मी आज स्वतःच्या बचावासाठी लिहीत नाही, खरंच वाटलं. पालघरच्या एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, मुलाच्या आईनं लिहून दिलं तर काम सोपं होईल. तीच विरोधात गेली तर लांबेल. मी जबाब स्वतः टाईप केला. दुपारी पोलीस पाटील आणि आमचा शिपाई यांना घेऊन त्यांच्या घरी गेले. हिराला आधी विचारलंही नाही. चांगलंच करायला निघालो आहोत तर विचारायचं काय, असं वाटलं.

जानकीबाय ओटीवर जवळा निवडत बसली होती. मी समोर बसून सरळ वाचायला लागले. "माझा मुलगा काशिनाथ हा समुद्रात बुडून मयत झाला असून..."

'मयत' शब्द ऐकला आणि ती उठली. सूप उपडं झालं, जवळा सगळ्या ओटीवर पसरला.

"कोनी बघितला त्याला मेलेला? तू बघितला? तू व्हतीस बोटीत?"

"आजी, हा फक्त कागद आहे..."

"मना सांगता, माझा पोर मेला! कागद घेऊन सांगाया आली!"

तिनं उंबऱ्यावर कपाळ आपटायला सुरुवात केली. एकदा, दोनदा. आम्ही तिघं नुसते उभे. आतून हिरा धावत आली, तिनं म्हातारीला मिठीत धरलं. रक्त वाहत होतं. रामदास कामावरून नुकताच आला होता. त्यानं तांब्या आणला, फडकं भिजवलं, खाली बसून तिची जखम पुसायला लागला. ती त्यालाही ढकलत होती, तरी पुसत राहिला.

हिरा माझ्याजवळ आली. माझ्या हातातला कागद घेतला आणि फाडला. चार तुकडे नीट एकावर एक ठेवून माझ्या हातात परत दिले.

"मॅडम, म्हातारी हाय तवर मी तिच्या पोराला मारनार नाय. आमी असंच राऊ."

रामदास तिथूनच म्हणाला, "राहू द्या ताई. कागदावाचून आमचं काय अडलंय?"

तेव्हा खरंच काही अडलेलं नव्हतं. महिन्याभरात माझी बदली झाली. तो रस्ता मी माझ्या हातानं बंद करून गेले.

पुढची अकरा वर्षं बेटेगाव-बोईसरकडच्या पंचायतींत गेली. तिथला कारभार वेगळाच. कारखाने, चाळी, नव्या इमारती, निम्मं बोलणं हिंदीत. एकदा एक तरुण जोडपं आलं. दोघं कंपनीत नोकरीला, एका फ्लॅटमध्ये राहणारे, लग्नाचा विचार नसलेले. सोसायटीच्या सेक्रेटरीनं त्यांच्याकडे 'एकत्र राहण्याचा दाखला' मागितला होता. असा दाखला नसतो म्हणून मी दोघांना एकाच पत्त्याचे दोन वेगवेगळे रहिवासी दाखले दिले. मुलगी हसून म्हणाली, "थँक यू मॅडम, आता आम्ही शेजारी झालो." छान पोरं होती. त्यांनी लग्न न करणं निवडलं होतं. मला त्या दिवशी हिरा आठवली, आणि मी दुपारचा डबा न खाता तसाच घरी नेला.

निवृत्तीला चार वर्षं उरली तेव्हा बदली मागून घेऊन परत त्याच गावात गेले. हिराचे केस पिकले होते. जानकीबायची नजर जवळजवळ गेली होती. रामदास मासे साफ करायला शिकला होता, खात मात्र नव्हता. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या घरी गेले तर तो ओटीवर बसून म्हातारीची नखं कापत होता. तिचा हात आपल्या गुडघ्यावर ठेवलेला. ती त्याला रागावत होती, "हळू काप रं पावन्या, बोट हाय ते." आणि तो म्हणत होता, "हो आई, हो."

मी विचारलं, "आता तरी कोर्टात जायचं का?" हिरानं म्हातारीकडे नजर वळवली आणि मान हलवली. मी पुन्हा विचारलं नाही.

दोन वर्षांनी, थंडीच्या दिवसांत, एका मंगळवारी सकाळी रामदास चहा पिताना छातीवर हात ठेवून खाली बसला. बोईसरला न्यायला रिक्षा येईपर्यंत संपला. मी साडेदहाला ऑफिसात पोहोचले तेव्हा शिपायानं सांगितलं. तशीच त्यांच्या घरी गेले. आरोग्य केंद्राचे डॉक्टर येऊन गेले होते. बर्फाच्या कारखान्याच्या मालकानं रामदासच्या भावाला फोन केला होता, तो गाडी घेऊन निघाला होता.

शेजारच्या बाया आल्या, पण दारातच घुटमळल्या. बाईचा नवरा गेला की काय करायचं ते त्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. बांगड्यांचं काय, कुंकवाचं काय, कोणी पुढे व्हायचं, सगळं ठरलेलं. इथे मात्र कोणालाच काही कळेना. हिराचा नवरा सरकारदरबारी जिवंत, सासूच्या लेखी जिवंत. समोर पडलेला माणूस तिचा कोण? कोणीही पुढे झालं नाही. कोणी मोठ्यानं रडलंही नाही. हिरा थोडा वेळ त्याच्या पायाशी बसली, मग उठली आणि म्हातारीला पेज भरवायला आत गेली. तिची खायची वेळ झाली होती.

भाऊ संध्याकाळी पोहोचला. वाईट माणूस नव्हता. हिरासमोर हात जोडून उभा राहिला.

"तुम्ही त्याला सांभाळलं, मला माहीत आहे. पण गावाकडं त्याची माती व्हायला पाहिजे. तिथं सगळे आहेत."

"मी येते," हिरा म्हणाली.

तो खाली बघायला लागला. "कोण म्हणून सांगू?"

हिरानं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीदा वाटलं. ती घरात गेली, त्याची लोकरीची कानटोपी घेऊन आली आणि गाडीत चढून त्याच्या डोक्याला घातली. दोन्ही कान नीट झाकले.

"तिकडं थंडी लय, तो सांगायचा," ती भावाला म्हणाली. "काढू नका."

"नाही काढत," भाऊ म्हणाला, आणि पहिल्यांदा रडला. गाडी गेली. अंगणात त्याच्या चपला तेवढ्या राहिल्या.

तिसऱ्या दिवशी हिरा ऑफिसात आली. मृत्यू आमच्या हद्दीत झाला होता, नोंद आमच्याकडेच होणार होती. मी नमुना काढला. मृताचं नाव, वय, आईवडिलांची नावं, पत्ता. पत्नीच्या नावाच्या ठिकाणी त्याच्या पहिल्या बायकोचं नाव लिहावं लागलं. हिरा ते न अडखळता सांगत होती. तिला ते पाठ होतं. मग मी खालच्या रकान्याशी आले. खबर देणाऱ्याचं नाव. मृत्यूची माहिती कोणी दिली, त्याचं नाव, पत्ता आणि सही.

इतकी वर्षं मी तो रकाना भरत होते, पण नीट पाहिला त्या दिवशी. त्यात नातं विचारत नाहीत. मी हिराचं पूर्ण नाव लिहिलं, तिचा पत्ता लिहिला. रामदासचा पत्ता वर लिहिला होता तोच. कागद तिच्याकडे फिरवला.

"इथं सही कर."

तिनं सही केली. मग बोट ठेवून वाचायला लागली, वर त्याचं नाव, खाली आपलं. दोन्ही नावांवरून दोनदा बोट फिरवलं.

"दाखल्यावर येईल हे?"

"नाही. दाखल्यावर खबर देणाऱ्याचं नाव येत नाही. इथंच राहील, दप्तरात."

"राऊ दे," ती म्हणाली. "कुठंतरी हाय."

मला वाटलं होतं, या घरातली माझी भूमिका इथे संपली. पण पावसाळा तोंडावर आला असताना एका सकाळी ऑफिसच्या दारात रिक्षा थांबली. शेजारणीच्या आधारानं जानकीबाय उतरली. हिरा बाजाराला गेली होती, तिला न सांगता आली होती. मी तिला खुर्ची दिली. ती चाचपडत बसली. बराच वेळ दम खात होती. मग शेजारणीला म्हणाली, "तू भायेर जा." शेजारीण गेली.

"मॅडम, माझी दोन पोरं गेली. एकाचं तुमी लिवलं. दुसऱ्याचं बी लिवा."

मी पाण्याचा ग्लास तिच्या हाताला लावला.

"आजी, तुम्ही तर म्हणायचात तो परत येईल."

"मना पयल्याच दिवशी कळला व्हता," ती म्हणाली. "बोट आली आन तो उतरला नाय, तवाच. समुद्राकाठी जन्म गेला माझा. समुद्र काय देतो आन काय नाय, मना ठाव नाय व्हय?"

"मग त्या दिवशी...?"

ती ग्लास दोन्ही हातांनी धरून बसली.

"लिवला असता तर हिरा मोकळी झाली असती. त्याच्या गावाला गेली असती, लगीन करून. मी एकली काय केला असता? माझा पोर जिता हाय तवरच ती माझी सून." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आता पावना गेला. ती रोज भात वाढते मना. माझ्यानं गिळवत नाय."

मी तिला सांगू शकले असते की आता याचा कोणालाच उपयोग नाही. सांगितलं नाही. कागद घेतला, ती जे म्हणाली त्यातलं एवढंच लिहिलं, की काशिनाथ त्या वर्षी समुद्रात बुडून मेला. बाकीचं लिहिलं नाही. तिचा अंगठा घेतला. अंगठ्याचं नख वाढलेलं होतं. शाई पुसताना ती म्हणाली, "हिराला नको सांगू, का ते." मी अजून सांगितलेलं नाही. हिरा दिवाळी अंक वाचत नाही. तरीही हे छापायला देताना माझा हात दोनदा मागे आला.

त्याच वकिलांना मी तो जबाब नेऊन दिला. हिराला समजावून सह्या घेतल्या. ती एवढंच म्हणाली, "म्हातारीला पायजे तर करू." तारखा पडत राहिल्या. मधे मी निवृत्त झाले. त्या हिवाळ्यात जानकीबाय गेली. हिरानं तिचं सगळं मुलासारखं केलं, अग्नीही तिनंच दिला. आणि मग तीन महिन्यांनी कोर्टाचा हुकूम आला. माझ्या जागी आलेल्या तरुण ग्रामसेवकानं काशिनाथच्या मृत्यूची नोंद केली आणि पहिला दाखला हिराच्या हातात दिला.

ती तो घेऊन थेट माझ्या बोईसरच्या घरी आली. सोबत वाळलेल्या बोंबलांची जुडी आणली होती. चहा घेतला. दाखला माझ्यासमोर ठेवला. मी सवयीनं वाचला. नाव, वडिलांचं नाव, पत्नीचं नाव, शिक्का, सही. सगळं बरोबर होतं. एक अक्षरही चुकलेलं नव्हतं.

"चांगला झालाय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

हिरा सेहेचाळीसची होती तेव्हा. तिनं दाखल्याची चौकोनी घडी केली, कमरेच्या पिशवीत ठेवली आणि माझ्याकडे पाहून हसली.

"आता मी लग्नाला मोकळी हाय, मॅडम."